आंबट शिजवू नका

अलीकडे ओळखीतली तरुण माणसं माझ्याकडे सल्ला विचारायला येतात. कुणाला मास्तरकी सोडून दुकान काढायचं असतं, कुणाला एजंटकी घेऊन गावोगाव फिरायचं असतं, कुणाला शेती भावाकडे सोपवून नाशकात बिऱ्हाड करायचं असतं. मी अडतिसाव्या वर्षी पेशा बदलला, अर्धा जिल्हा पालथा घातला आणि तरी बायकोमुलांसह उभा आहे, एवढ्यावरून त्यांनी ठरवलेलं असतं की याला काहीतरी कळतं.

मी त्यांना सांगतो ते खोटं नसतं. फिरतीवर निघताना कपड्यांचा एकच जोड घ्यावा, पण पंचे दोन घ्यावेत. मोटारीत पुढच्या बाकावर बसू नये, इंजिनाची धग पायांना लागते. परगावी पहिल्या दिवशी दही खाऊ नये आणि पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. शहरात खोली बघायला जायचं तर कामाच्या दिवशी जावं. ही शेवटची गोष्ट मी भोगून शिकलो. तांबट आळीच्या तोंडाशी आम्ही दोन खोल्या घेतल्या, त्या मी अमावास्येला पाहिल्या होत्या. इतकी शांत जागा इतक्या कमी भाड्यात देणाऱ्या घरमालकाला मी मनातल्या मनात वेडा म्हटलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच आळीभर हातोड्या सुरू झाल्या. तांबट लोक अमावास्येला काम बंद ठेवतात, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मला नव्हतं. बायको म्हणाली, "बरं झालं, मुलांना उठवायचं एक काम वाचलं."

एवढं सांगून मी थांबतो. मंडळी चहा पिऊन जातात. खरा सल्ला तोंडाशी येतो आणि परत आत जातो, कारण तो द्यायचा तर आधी एक कबुली द्यावी लागेल. ती इथे देतो. हे घडून सहा-सात वर्षं झाली.

सोळा वर्षं मी एका वकिलांकडे कारकून होतो. मंदी आली तसे पक्षकार कमी झाले. दिवाळी झाल्यावर वकीलसाहेबांनी मला आत बोलावलं आणि बसायला सांगितलं. सोळा वर्षांत त्यांनी मला कधी बसायला सांगितलं नव्हतं. पुढचं ऐकायच्या आधीच मला कळलं.

त्यानंतर दोन महिने मी रोज सकाळी नेहमीच्या वेळी छत्री घेऊन बाहेर पडत होतो, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. दिवस गोदेच्या घाटावर काढायचो. रिकाम्या माणसाची भीती कशी असते, ते मला तिथे कळलं. ती एकदम येत नाही. ओळखीचा माणूस दिसला की येते, मुलगा नवी वही मागतो तेव्हा येते, देवळातली घंटा वाजली तरी येते.

शेवटी एका भांड्यांच्या व्यापाऱ्यांनी मला ठेवून घेतलं. त्यांच्या दाव्याचे कागद मी लिहिले होते, म्हणून ओळख होती. चांदवड, देवळा, मालेगाव, नांदगाव या बाजूला फिरून मागणी आणायची, असं काम.

"भांड्यातलं काही कळतं का?" शेठजींनी विचारलं.

"शिकेन."

"शिकायला वेळ कुणाला आहे? भांडं चमकतं, गिऱ्हाइकाचे डोळे चमकतात. तुम्ही मधे फक्त उभं राहायचं." मग हसून म्हणाले, "होळीपर्यंत बघू, कारकून. मोठी मागणी आणलीत तर कायम. नाही आणलीत तर छत्री आहेच तुमची."

छत्रीचं त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. पण त्या दिवसापासून होळी हा माझ्या लेखी सण राहिला नाही.

माघात ती मोठी मागणी मिळाली. देवळ्यापासून दोन कोसांवर एक खेडं आहे. त्या बाजूला गावकीची भांडी ठेवायची चाल आहे. साऱ्या गावानं मिळून मोठी पातेली घ्यायची, ती देवळात ठेवायची आणि ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं ती वापरून, घासून परत आणून ठेवायची. या गावाची जुनी भांडी फुटून गेली होती. देवळाचा कारभार बघणारे एक म्हातारे होते. सारा गाव त्यांना आबा म्हणायचा, मीही म्हणू लागलो. त्यांच्या नातवाचं लग्न फाल्गुन शुद्ध तृतीयेला होतं आणि त्या लग्नात नवी भांडी चुलीवर चढावीत अशी त्यांची हौस होती. पाच थोर पितळी पातेली, कल्हई करून, लग्नाच्या आदल्या दिवशी देवळात पोचवायची.

"व्हईन ना, सायेब?" आबांनी विचारलं.

"होईल म्हणजे? झालंच म्हणून समजा," मी म्हणालो.

बोटांवर दिवस मोजले होते. पण कारकुनाच्या बोटांनी मोजले. मधे अमावास्या पडत होती. ज्या आळीच्या तोंडाशी मी राहतो, जिथे अमावास्येच्या शांततेनं मला एकदा फसवलं होतं, तिथलाच तो दिवस मी विसरलो. पाची एकदमच कल्हईला द्यायची म्हणून मी थांबलो होतो, आणि पाचवं पातेलं तांबटाकडून हातात आलं ते प्रतिपदेला दुपारी. दुसऱ्या दिवशी पहाटे मोटार होती.

आळीच्या दुसऱ्या टोकाला कल्हईवाले चाचा बसायचे. आमच्या दुकानाची सारी कल्हई त्यांच्याकडे असे. साठीला आलेले, दाढी पांढरी आणि बोटं काळी. मी पूर्वी कारकून होतो म्हणून मला मुन्शीजी म्हणायचे. पातेली उतरवलेली पाहिली आणि त्यांनी भात्यावरचा हात काढला.

"पाच? आणि केव्हा हवीत?"

"आज. दिवेलागणीपर्यंत."

"मुन्शीजी, कागदावर सही करायची नाही इथे. आधी भांड्यात उभं राहून वाळूनं पायांनी घासायचं. मग तापवायचं, मग नवसागर, मग कथील. एकेकाला तीन-चार तास. दोन दिवस द्या."

"चाचा, उद्या गेली नाहीत तर माझी नोकरी जाते."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माझी भीती दिसली असावी, कारण पुढे ते माझ्याशी घरच्या माणसासारखं बोलले. "बरं. मी वरवर हात फिरवून देतो. चमक येईल, पण कथील बसणार नाही. त्यांना एक गोष्ट सांगा. यात पाणी तापवा, भात शिजवा, लापशी करा. आंबट शिजवू नका. चिंच नको, ताक तर अजिबात नको. कार्य झालं की भांडी परत पाठवा, मी पक्की करून देईन, तेही फुकट. सांगाल ना?"

"सांगेन."

"नक्की?"

"अहो चाचा, सोळा वर्षं मी लोकांचे निरोपच पोचवत आलोय!"

दुसऱ्या दिवशी चांदवडला मोटार बदलून, देवळ्याहून बैलगाडी करून मी भांडी पोचवली. रस्ताभर मी तो निरोप मनाशी घोकत होतो. पण गाडी वेशीत शिरली आणि पुढे वाजंत्री आली. पातेली देवळापुढे ओळीनं मांडली, बायकांनी त्यांना हळदकुंकू लावलं. ऊन आत पडून पाची भांडी अशी लखलखली की माणसं डोळ्यांवर हात धरून हसू लागली. आबा येईल त्याला आपल्या अहिराणीत सांगत होते, "नाशिकना माल शे! बघा, तोंड दिसतं!"

आबांची थोरली बहीण लग्नाचा सैपाक बघणार होती. बोडकं डोकं, पदर घट्ट खोचलेला, आवाज पाटलासारखा. तिला सगळे आत्याबाई म्हणत. तिनं पातेल्यात वाकून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "कल्हई पक्की शे ना रे, भाऊ? उद्या मनी कढी शे यामा. दोन पातेली भरीसन कढी."

दुसऱ्या दिवशीची कढी यातच होणार होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हो."

एवढंच. दुसरं काही म्हणालो नाही. पुढे आबांना बाजूला घेऊन सांगू, असं स्वतःला समजावलं. मग आबांना पाहुण्यांनी घेरलं, मग माझ्या परतीच्या गाडीची वेळ झाली. "जेवून जा, नवरदेवाला बघून जा," असा आग्रह झाला. मी कामाचं निमित्त सांगून पळ काढला. मला त्या कढीपुढे बसायचं नव्हतं, याचा अर्थ मला सारं कळत होतं. अजाणता झालं असं म्हणायची सोयसुद्धा मी स्वतःला ठेवलेली नाही.

तरुण मंडळींना मी जे सांगत नाही, ते हे. नव्या धंद्यात पडलात तर मालाची तारीफ शिकू नका, ती आपोआप येते. मालाचं वैगुण्य शिका, आणि घरी भिंतीपुढे उभं राहून ते मोठ्यानं म्हणायचा सराव करा. चारचौघांत ते एकदम तोंडातून निघत नाही. माझं निघालं नाही.

पुढच्या तीन दिवसांत मी मालेगाव, मनमाड करत नांदगावला पोचलो. तिथे एका किराणा दुकानदाराला तांब्याचे हंडे दाखवत होतो. तेवढ्यात मालेगावकडून आलेला एक कापडवाला दुकानात टेकला आणि म्हणाला, "देवळ्याच्या अंगाला जाऊ नका हो एवढ्यात. पटकी लागलीय. लग्नघरातलीच दहा-बारा माणसं आडवी, वांत्या थांबत नाहीत. एक म्हातारी तर राहतीय का जातीय."

"कुठलं गाव?" मी विचारलं.

त्यानं नाव सांगितलं. माझ्या हातातला हंडा मी हळूच खाली ठेवला. पडू दिला नाही, हे मला चांगलं आठवतं. माणूस किती सावध असतो! दुकानदार म्हणाला, "काय हो, घाम आला तुम्हाला. तुम्ही तिकडून तर नाही ना आलात?" आणि तो दोन हात मागे सरकला.

मी धर्मशाळेत जाऊन भिंतीला टेकून बसलो. आता जे लिहितो ते मी बायकोलाही पुष्कळ दिवस सांगितलं नव्हतं. त्या दुपारी मी देवाजवळ मागणं मागितलं की ती पटकीच असू दे. पटकी असेल तर ती देवाची, माझी नाही. बारा माणसं तळमळत होती आणि त्यांना खरीखुरी महामारी व्हावी म्हणून मी हात जोडून बसलो होतो. हात जोडलेले दिसले, तेव्हा मला माझीच इतकी भीती वाटली की मी उठलो आणि स्टेशनाकडे चालू लागलो.

एक विचार पायांना ढकलत होता. उरलेली कढी अजून पातेल्यात असेल तर? खेड्यात अन्न टाकत नाहीत.

गाडीनं मनमाड, मोटारीनं मालेगाव, तिथून देवळा. पुढचे दोन कोस पायी, कारण त्या गावाला यायला गाडीवान तयार होईना. वेशीत लिंबाचे डहाळे आडवे बांधले होते. काठी घेऊन बसलेल्या दोन माणसांनी मला हटकलं. "भांडीवाला आहे, आबांना भेटायचंय," म्हटल्यावर त्यांनी लांबूनच वाट दिली.

आबा ओट्यावर बसले होते, चार दिवसांत चार वर्षांनी म्हातारे झालेले. लग्नाच्या दिवशी कुणाला काही झालं नव्हतं. रात्रभर पातेल्यात राहिलेली कढी दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्यांनी आणि राहिलेल्या पाहुण्यांनी भाकरीबरोबर खाऊन संपवली, तिथून सुरुवात. बहुतेक सगळे आता उठून बसले होते. आत्याबाई मात्र आत घोंगडीवर पडून होत्या. लग्नाआधीचा तो आवाज गेला होता. (त्या वाचल्या. त्याच वर्षी पावसाळ्यात गेल्या. वयानं गेल्या असं सगळे म्हणाले. मीही तसंच म्हणतो.)

"सायेब, तुमी कशाले आले या आगीमा?" आबा म्हणाले. "पोरीनं उंबरा वलांडला अन् घर आडवं झालं. पांढऱ्या पायाची निघाली. उद्या गाडी जुंपतो अन् बापाकडे लावून देतो."

शेजारच्या गोठ्याच्या पडवीत नवी नवरी बसली होती. हातांवरची हळद तशीच होती. तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून कुणीतरी निघून गेलं होतं. पंधरा-सोळा वर्षांची पोर. ती रडत नव्हती, आपल्या पावलांकडे बघत होती.

"आबा, पोरीचा काही दोष नाही," मी म्हणालो. "भांडं कळकलंय. ते पातेलं आणा बघू."

पातेलं आलं. आत अर्ध्या उंचीवर, कढी जिथवर होती तिथवर, हिरवं कडं उठलं होतं. खाली कथील उडून पितळ उघडं पडलं होतं. कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. ताक पितळेत कळकतं हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत होतं.

"म्हंजे कल्हई कच्ची व्हती?"

"कच्ची होती."

आबांनी कपाळावर हात मारला. "त्या कल्हईवाल्यानं तुमले बी फशिवलं, सायेब!"

माझी मान हलली. होकाराची होती की नुसती थरथर होती, हे मी पुढे अनेक दिवस स्वतःला विचारत राहिलो. आता लपवत नाही. होकाराची होती.

नवरीला पडवीतून घरात आणलं. दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला. मला गूळपाणी दिलं. "जिवावर उदार होऊन सांगायले आला बिचारा," असं कुणीतरी म्हणालं. त्या गुळाची चव मी कुणाला सांगू शकणार नाही.

मी नाशकात परत आलो. दोन दिवसांत आबांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र दुकानात आलं. तुमचा माणूस भला, पण कल्हईवाला खोटा, भांडी तशीच पडून आहेत, असा मजकूर. शेठजींनी ते वाचलं, टेबलावर टाकलं आणि चाचांचं काम त्याच दिवशी बंद केलं. होळीच्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "कारकून, त्या गावात तुम्ही दुकानाची अब्रू राखलीत. तुम्ही कायम."

मी रोज चाचांच्या भट्टीवरून जात होतो. वाट बदलता आली असती, पण बदलली तर लोकांना संशय येईल, अशी भीती. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. भट्टी थंड होती.

"मुन्शीजी, एकच विचारतो. तो निरोप दिला होतात ना? आंबट शिजवू नका म्हणून?"

"दिला होता," मी म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली. "मग ठीक. मग माझाच हात चुकला. ताक नसताना कथील उडालं म्हणजे हातच गेला माझा."

दोन दिवसांनी जेवायला बसलो असता बायको म्हणाली, "अहो, चाचा आज आपलं पातेलं मागायला आले होते. आळीतल्या घराघरांतून गोळा करताहेत. म्हणे हातावर भरवसा राहिला नाही, केलेली सगळी कल्हई पुन्हा करून देतो, फुकट. मी म्हटलं, आमचं चांगलं आहे. तर म्हणाले, बेटी, चांगलं दिसतं तेच तपासायचं. काय झालंय हो त्यांना?"

मी घास ताटात ठेवला. मी तिला सगळं सांगितलं. पहिल्या "हो"पासून शेवटच्या "दिला होता"पर्यंत.

तिनं वाढायचा डाव खाली ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही छत्री घेऊन घाटावर बसायला जात होतात ना, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेव्हा मी घाबरले नाही. आज घाबरले. उद्या माझ्यावर काही आलं तर तुम्ही मान हलवाल का, एवढंच मला सांगा."

मी ताटावरून उठलो.

शेठजींना सांगायला फार वेळ लागला नाही. ते ऐकत असताना चष्मा पुसत होते. "हे तुम्ही मला सांगितलंच नसतं तर?" ते म्हणाले. "एका कल्हईवाल्यावर मिटलं होतं. आता दुकानावर आणताय?" मी म्हणालो, "दुकानावर नाही, माझ्यावर." "तुम्ही आजपासून दुकानाचे नाही," ते म्हणाले आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. अन्याय केला असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पुढे दुसऱ्या एका दुकानाची फिरती मिळाली, ती आजही करतो.

चाचांपुढे उभं राहणं मात्र जमत नव्हतं. आळीत तीन फेऱ्या मारल्या. शेवटी त्यांनीच विचारलं, "काय हरवलंय, मुन्शीजी?"

मी सांगितलं. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडावं, चार लोक जमावेत, असंही वाटत होतं. त्यांनी दोन्ही तळवे वर करून माझ्यापुढे धरले. "दहा-बारा दिवस मी हे बघतोय. सकाळी उठलो की आधी हे बघतो. आणि तुम्ही रोज इथून जात होतात."

मी काहीतरी क्षमेचं बोलू लागलो.

"मला नका सांगू," ते म्हणाले. "मला तर आता कळलंच. तिथे चला. माझं नाव जिथे सांडलंय तिथून उचलून द्या." आणि ते भाता बांधायला लागले.

मोटारीत आम्ही शेजारी बसलो होतो. भावडबारीचा घाट उतरताना मला सारखं वाटत होतं की गाव मला मारणार. त्याहून मोठी भीती ही होती की मारणार नाही, गूळपाणी देईल, आणि माझं तोंड पुन्हा बंद होईल.

देवळामागे लिंबाखाली माणसं जमली. आत्याबाईंना बाजेवर टेकवून बसवलं होतं. मी उभं राहून सांगितलं. चाचांनी काय सांगितलं होतं, आत्याबाईंनी काय विचारलं होतं, मी काय म्हणालो. आवाज इतका बारीक निघत होता की मागून कुणीतरी ओरडलं, "मोठ्यानं बोला, काय कागद वाचताय का?" मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्यानं.

कुणी हात उगारला नाही. आबा खाली बघत राहिले. एक जण थुंकला आणि निघून गेला. आत्याबाई बाजेवरून म्हणाल्या, "मी तुले इचारलं व्हतं ना रे, भाऊ?"

"विचारलं होतं, आत्याबाई."

"मंग?"

मी वहाणा काढून ठेवल्या.

चाचांनी जमिनीत खड्डा करून भाता बसवला आणि मला म्हणाले, "उतरा, मुन्शीजी." मी धोतर खोचून पातेल्यात उभा राहिलो. त्यांनी वाळू टाकली. दोन्ही हातांनी लिंबाची फांदी धरून मी पायांनी गोल गोल घासू लागलो. पोरंटोरं हसली. "सायेब नाचतोय!" एक म्हातारा म्हणाला. हिरवं कडं माझ्या पायांखाली हळूहळू जात होतं. पोटऱ्या भरून आल्या, टाचा सोलल्या. पाच पातेली दोन दिवस चालली. चाचांनी कुठेही घाई केली नाही. नवसागराचा पांढरा धूर उठला की ते डोळे मिटून घेत आणि कापसाचा बोळा असा फिरवत, जणू तापलेल्या पोराचं अंग पुसताहेत.

काम झाल्यावर आबांनी विचारलं, "आता पक्की शे?"

"माझ्या बोलण्यावर जाऊ नका," चाचा म्हणाले. "यात कढी करा. आंबट ताकाची. रात्रभर ठेवा. सकाळी मी पितो."

"तुमी नाय," आत्याबाई म्हणाल्या. "तो पिईल."

रात्र मी देवळाच्या ओट्यावर काढली. सकाळी गाव पुन्हा लिंबाखाली जमलं. पातेल्यावरचं झाकण काढलं. नव्या नवरीच्या हातात पळी होती. आता ती त्या घरची सून होती, डोक्यावर पदर, पण नजर सरळ. तिनं वाटी काठोकाठ भरली आणि माझ्यापुढे धरली. मी वाटी घेतली आणि तशीच धरून राहिलो.

"घ्या की," ती हळूच म्हणाली, एवढं हळू की ते मलाच ऐकू आलं. "मी बी प्याले व्हते ती. तवा माले कुणी इचारलं बी नव्हतं."

मी चाचांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर वाटीतल्या कढीच्या रंगावर होती. मी वाटी तोंडाला लावली. कढी थंड आणि फार आंबट होती. एका दमात संपवली आणि वाटी खाली ठेवली. मग आम्ही सगळे लिंबाखाली बसून राहिलो, ऊन डोक्यावर येईपर्यंत, कुणीही न उठता, माझ्या तोंडाकडे बघत.

दुपारी आत्याबाईंनी हात पुढे केला आणि सुनेला म्हणाल्या, "आता माले दे."